बायनाबाईनं वाटलेले उपास

मला अजूनही लोक विचारतात, आप्पारावांच्या फडात गळा कुणाचा चांगला होता, ढोलकी कुणाची कडक होती. बावीस वर्षं मी त्या तमाशाच्या फडात सोंगाड्या होतो. लोकांना हसवणं हे माझं काम. गळ्याची आणि ढोलकीची उत्तरं मी आनंदानं देतो, जरा वाढवूनच देतो. पण जिच्या भाकरीवर तो गळा गायला आणि ती ढोलकी वाजली, त्या बाईबद्दल आजवर कुणी विचारलं नाही. म्हणून न विचारताच सांगतो. सोंगाड्याला बोलायची परवानगी कुणी देत नसतं, ती त्यानं घ्यायची असते.

बायनाबाई आमची स्वैपाकीण. उंच, हाडकुळी, आणि आवाज असा की चुलीपाशी बसून बोलली तरी नदीपलीकडची म्हैस मान वळवायची. बालाघाटाच्या डोंगरात मेंढरं चारणाऱ्या घरातली पोर. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडली, आणि माहेरी भावजय होती. एवढं सांगितलं की बाकीचं आपल्याला कळतं. पुढं एका जत्रेत आमचा फड उतरला असताना ही बाई आली, आमच्या तेव्हाच्या स्वैपाक्याची आमटी चाखली, थुंकली, आणि पळी त्याच्या हातातून काढून घेतली. त्या दिवसापासून पळी तिच्याकडंच.

काळ निजामाच्या राज्याचा. हाली रुपया चालायचा, आणि बीडच्या रस्त्यानं मोटार गेली की लोक हातातलं काम टाकून दारात यायचे. आम्ही आठ महिने गावोगाव फिरायचो आणि पावसाळ्याचे चार महिने पालीला काढायचो, बिंदुसरेच्या काठी, सुंदरराव नावाच्या जमीनदाराच्या रिकाम्या गोठ्यात. फडाची एक रीत होती. पावसाळाभर मालकानं सगळ्यांना पोटाला घालायचं आणि त्या बदल्यात दसऱ्याला फड उभा राहील तेव्हा कुणी दुसरीकडं जायचं नाही. पोटाला मिळालं तर माणूस बांधलेला, कमी पडलं तर मोकळा. दुसऱ्या फडांची माणसं श्रावणापासूनच घिरट्या घालत असायची.

त्या वर्षी आप्पारावांनी घोळ घातला. सहा पोती ज्वारी आणायला म्हणून बीडच्या मोंढ्यात गेले आणि चार पोती घेऊन आले. उरलेल्या दोन पोत्यांची त्यांनी पेटी आणली. पायानं भाता मारायची पायपेटी. बैलगाडीत पोत्यांच्या वर ती अशी बसवली होती, जशी काही नवरीच.

बायनाबाईनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"मालक, हे शिजवायचं का भाजायचं?"

"बाई, कला हाय ती," आप्पाराव म्हणाले. त्यांना राग यायचा तेव्हा ते मिशीला हात लावायचे. तो आत्ता लावलेला होता.

"अकरा तोंडं हायत मालक. ही कोन चावनार?"

"देव देईल."

"देवानं दिलतं की. तुमी त्याची पेटी आनली."

बायनाबाईचा भाऊ धोंडीराम दरवर्षी आषाढात तिला न्यायला यायचा. प्रेमानं नाही. मेंढरांमागं माणूस कमी पडायचं म्हणून. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि एकदा बसला की उठायचं नाव नाही. त्या वर्षी चार पोत्यांची बातमी त्याला आधीच लागली होती.

"चल आता," तो म्हणाला. "हा फड काई दसऱ्यापतूर टिकत न्हाई."

"टिकला तर?"

"टिकला तर जन्मात पुन्हा न्यायला येनार न्हाई."

"आन् न्हाई टिकला तर मी आपल्या पायानं येते. घे, माडगं पी."

धोंडीरामनं हुलग्याचं माडगं प्यालं, पुन्हा मागून प्यालं, आणि खुशीत गेला. मी बायनाबाईला म्हटलं, "भावाकडं जायला एवढी कावून भितीस? रक्ताचं घर हाय."

"बद्रीभाऊ, तिथं मिठाचं मडकं भावजय उशाला घेऊन निजती," ती म्हणाली. "माझ्या हातात मीठ पायजे."

एवढंच तिचं म्हणणं. तिला जरीचं लुगडं नको होतं, देवाचं दर्शन नको होतं. मिठाचं मडकं आपल्या हाताखाली हवं होतं, आणि त्यासाठी अकरा माणसांचा फड चार पोत्यांवर दसऱ्यापर्यंत एका जागी धरून ठेवायचा होता.

आता तिची कारागिरी ऐका. पाऊस पडला की नदीच्या काठानं ती ओटीभर पाला खुडून आणायची. तांदुळजा, कुरडू, पाथरी, घोळ. गुरं जे खातात ते ती आधी जाऊन खुडायची, त्यामुळं गावातल्या गुरांचं आणि आमचं फारसं पटलं नाही. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला होता, तो आठवड्यातून एकदा. डाळ भरडताना जी चुरी आणि टरफलं उरतात त्याला आमच्याकडं कळणा म्हणतात. गावातल्या बाया तो म्हशीला घालायच्या. बायनाबाई तो मागून आणून ज्वारीत दळायची. पहिल्या दिवशी आमचा ढोलकीवाला सटवा भाकर उलटीपालटी करत म्हणाला, "ही काळी कावून हाय गं?"

"उजेडाकडं पाठ करून बसलास म्हनून."

आणि येसर. लग्नाच्या पंगतीला आमटी शेवटच्या माणसापर्यंत पुरावी आणि तरी दाट राहावी म्हणून धान्य भाजून, मसाला घालून, दळून ठेवायची आमच्या मुलखात पद्धत आहे. लोकांच्या घरी येसर लग्नापुरतं निघतं. बायनाबाईनं आमचं रोज लग्न लावलं. मूठभर तुरीची डाळ, हंडाभर पाणी, वर दोन पळ्या येसर, आणि अकरा जण बोटं चाटत उठायचे. आमटीत डाळ शोधायला मी एकदा खाली वाकलो, तर माझंच तोंड दिसलं. पण चव? त्या आमटीसाठी मी आजही उभ्या उभ्या पडदा पाडीन.

तरी ज्वारी ती ज्वारीच. श्रावण लागायच्या आधी बायनाबाईनं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला, आणि आम्हा सगळ्यांना दुपारी चुलीसमोर बसवलं.

"एकेकानं सांगा, देवाकडं काय मागायचंय?"

आम्हाला वाटलं बाईच्या अंगात आलं. छबुबाई आमची गाणारी, तिनं आधी हात जोडले. "वरचा सूर फाटतोय गं माझा."

"देवी कोपली. मंगळवार धर, उपास."

सटवाचं मनगट दुखायचं. त्याला मारुतीचा शनिवार मिळाला. आप्पाराव म्हणाले, "मला आपलं नाव व्हावं." त्यांना महादेवाचा सोमवार.

"मालकालाबी उपास?"

"मालकाला आधी."

माझी पाळी आली. मी म्हटलं, "मला काईच नको."

"ज्याला काई नको त्याला दोन," ती म्हणाली, आणि गुरुवार आणि एकादशी माझ्या गळ्यात पडल्या. मागणं नसलेला माणूस देवालाही जड जातो, हे मला त्या दिवशी कळलं. असे तिनं सगळ्यांना वार वाटले. रोज एक जण उपाशी, कधी दोघं.

सटवा हुशार. त्यानं विचारलं, "फराळाला काय?" त्याच्या डोळ्यांपुढं भगर होती, रताळी होती, गूळ-शेंगदाणे होते. भाकरीपेक्षा दुपटीनं महाग.

"पानी. कडक उपास केला तर देव लवकर ऐकतोय."

"आन् तू कंचा वार धरलास?"

"मी न्हाई धरत. उपाशी बाईला मिठाचा अंदाज येत न्हाई. खानार का आळनी?"

हे खरं की खोटं हे तपासायचं तर आळणी आमटी खावी लागली असती. कुणी पुढं झालं नाही. संध्याकाळी उपास सोडताना जास्त भाकर मागितली की ती डोळे मोठे करून सांगायची, रिकाम्या पोटी एकदम खाल्लं की माणूस जागच्या जागी मरतंय, तिच्या चुलत्याचं तसंच झालंतं. तो चुलता पुढं चार वर्षांनी आम्हाला भेटला. चांगला धडधाकट होता.

पोत्याचा तळ लांब जाऊ लागला. बायनाबाई खुशीत होती. आणि इथंच ती चुकली.

एका सोमवारी सुंदररावांची बायको वच्छलाबाई ताकाचा लोटा घेऊन गोठ्यात आली. आप्पाराव उपाशी पोटी भिंतीला टेकून डोळे मिटून पडले होते. भुकेनं माणूस फार सात्त्विक दिसतो.

"मालकांना बरं न्हाई का?"

"उपास हाय त्यांचा," बायनाबाई म्हणाली. "निरंकार. फडातल्या समद्यांचेच हायत."

वच्छलाबाईनं गालाला हात लावला. तमाशावाले आणि उपास! दुसऱ्या दिवशी ती सूपभर शिधा घेऊन आली. गव्हाचं पीठ, हरभऱ्याची डाळ, गुळाचा खडा. उपास करणाऱ्याला शिधा दिला की त्या उपासातलं अर्धं पुण्य देणाऱ्याला लागतं, अशी आमच्याकडच्या बायांची समजूत. पुण्याचा हा भाव गावाला परवडणारा वाटला. रोज कुणी ना कुणी सूप घेऊन दारात. बायनाबाईनं एकालाही नको म्हटलं नाही. ती तर आमच्या उपासांना रोज नवी कल्हई लावायची. कोण रात्रभर जागला, कुणाला दृष्टान्त झाला. माझ्या नावावर तिनं एक साप खपवला. एकादशीला तो माझ्या उशाशी फणा काढून बसतो म्हणे. मी उशी बदलली.

सगळ्यांत बिघडले आप्पाराव. गावकरी त्यांच्या पाया पडू लागले आणि आप्पाराव पाय पुढं करू लागले. त्या पायपेटीवर ते सकाळ-संध्याकाळ भजनं वाजवायचे. कुणीतरी त्यांना 'आप्पाबुवा' म्हणालं, तेव्हापासून ते साध्या 'आप्पाराव'ला ओ देईनात. भाद्रपदात नारायणगडाला जाणाऱ्या मंडळींनी छबुबाईला सोबत नेलं. तिनं गडावर भजन म्हटलं, लोक ढसाढसा रडले, आणि आमच्या फडाची कीर्ती त्या रस्त्यावरच्या गावागावांत पोचली. तमाशा सोडून माळ घातलेला फड!

दसऱ्याची सुपारी, म्हणजे खेळ ठरल्याची खूण, गौरी-गणपती झाले की द्यायची पद्धत. पितरांचा पंधरवडा लागला की शुभ काम नाही, म्हणून जे काय ठरायचं ते त्याआधी. पहिली सुपारी दरवर्षी सुंदररावांची, आणि ती लागली की बाकीची गावं मागोमाग. त्या वर्षी गौरी गेल्या, गणपती गेले, कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या एका फडाचा माणूस मात्र दोनदा येऊन सटवाशी झाडाखाली बोलून गेला. मी उठलो आणि सुंदररावांकडं गेलो.

सुंदरराव ओसरीवर बसले होते. चेहरा असा, जसा काही घरात मयत झालं.

"राव, दसऱ्याचं काय?"

"बद्रीनाथ, आता तुमाला लावनी म्हना म्हनून कोन्या तोंडानं सांगू? संत झालात तुमी."

"राव, आमी कसले संत?"

"ते घरात सांग!" त्यांनी आतल्या दाराकडं बघून आवाज खाली आणला. "दीड महिना झाला, या घरात वशाट-मटन न्हाई, कांदा न्हाई, लसून न्हाई. तोंड उघडलं की ऐकवती, तमाशावाले बघा कसे राहत्यात, आन् तुमी बघा! तुमच्यापायी दोडका खाऊन खाऊन माझ्या अंगाला वेल फुटायचा ऱ्हायलाय."

मी परत येऊन हे बायनाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"म्हंजी पोत्यात ज्वारी हाय, आन् फड मोडनार?"

"दोन दिवसांत पितरं लागत्यात. तवर सुपारी न्हाई आली तर सटवा गेला. सटवा गेला की छबुबाई जाती."

तिनं ती भाकर तव्यावर टाकली आणि पहिल्यांदा तिच्याकडून भाकर करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडीराम हजर. सोमवार होता. त्याच्याबरोबर बीडच्या बाजाराला निघालेली चार बोकडं होती आणि तोंडभर हसू.

"गडावर ऐकलं म्या. मोडला म्हनं फड. माळकरी झाले."

"मोडला न्हाई."

"सुपारी लागली का?"

बायनाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"मग मोडलाच की. बांध गठुडं."

ती धोंडीरामकडं बघत राहिली. मग त्याच्या मागच्या बोकडांकडं. बराच वेळ बोकडांकडंच.

"येते," ती म्हणाली. "शब्द दिलाय तर येते. पन तेरा वरसं राह्यले म्या ह्या फडात. बहिनीला न्यायला आलास, फडाला एक जेवन घालशील का न्हाई? का बहीन चोरून नेल्यावानी नेनार? उद्या सगळ्या धनगरवाड्यांत बोलत्याल, धोंडीरामनं बहीन फुकटात उचलली."

धोंडीरामला इज्जतीची फिकर फार. त्यानं कपाळाला आठ्या घालून त्यातल्या त्यात लहान बोकड पुढं केलं.

"ते न्हाई. त्येच्या मागचं."

चुली गोठ्याच्या मागं होत्या. बायनाबाईनं तीन दगड उचलले आणि पुढं, ऐन रस्त्यावर, सुंदररावांच्या ओसरीसमोर मांडले. आप्पाराव धावत आले.

"बाई, काय करतीस? आज सोमवार हाय! माझा उपास! गाव काय म्हनंल?"

"गाव काय म्हनंल तेच ऐकायचंय, मालक."

"लोक पाया पडत्यात गं माझ्या..."

"पाया पडनारे सुपारी देत न्हाईत. बाजूला व्हा, जाळ लागंल."

आप्पाराव बाजूला झाले, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराचं असेल. उभ्या आयुष्यात त्यांना बुवा म्हणून जगायला दीड महिनाच मिळाला. माणसाला तेवढ्याचीही सवय लागते.

मग तिनं कांदे निखाऱ्यात भाजले, खोबऱ्याची वाटी जाळावर काळी केली, लसूण ठेचला, आणि दीड महिना जपून वापरलेलं येसर त्या दिवशी हात न आखडता रश्शात सोडलं. तो वास आधी रस्त्यानं गेला, मग प्रत्येक घरात शिरला. भर दुपारी पाली गाव दारात आलं. बाया पदर नाकाला लावून, पुरुष पागोटं सावरत. वच्छलाबाई ओसरीवर आली, बघितलं, आणि मटकन खाली बसली.

"बद्रीभाऊ," बायनाबाई म्हणाली, "भाकर वाढली. आता तुमचं काम."

मी उठलो. नुसतं खाऊन चालणार नव्हतं. आम्ही मुळीच संत नाही, हे गावाला एका दमात पटायला हवं होतं. मी हातात रश्शातली नळी, म्हणजे मगजाचं हाड, घेतली आणि उपाशी बुवाचं सोंग काढलं. एक डोळा मिटून जप करणारा, दुसऱ्या डोळ्यानं हंडीत बघणारा बुवा. जप करता करता तो हंडीकडं सरकतो, देवाला म्हणतो, तू जरा तिकडं बघ. आधी पोरं हसली, मग बाप्ये हसले, मग पदराआडून बाया. सटवानं ताट सोडून ढोलकी ओढली. छबुबाईनं तोंड पुसलं आणि एक लावणी अशी काही उचलली, की वरचा सूर कुठं फाटला ते देवीलाच माहीत. आणि शेवटी आप्पाराव, आमचे आप्पाबुवा, सोमवारचा उपास मोडून माझ्या शेजारी येऊन बसले. "वाढ," म्हणाले. "पन नीट वाढ."

ओसरीवरून वच्छलाबाईचा आवाज आला, "अवो, हाकला त्यांला!"

सुंदरराव काठी आपटत रस्त्यावर आले. आमच्यासमोर, हंडीला तोंड करून उभे राहिले आणि घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "लाज वाटत न्हाई का रे? सोमवारी?" मग खाली वाकून हळूच, "नळी हाय का?"

"हाय की, राव," बायनाबाई म्हणाली.

"गाव बाटवलं तुमी!" पुन्हा मोठ्यानं. "दोन ठेव. भाकर नको."

घराकडं पाठ करून, काठी काखेत धरून, शिव्यांच्या अधेमधे त्यांनी दोन नळ्या संपवल्या. असं जोरदार रागावणं आणि इतकं मनापासून खाणं एकाच तोंडानं करणारा नट मी पुढं कुठल्याही फडात पाहिला नाही. मिशा पुसून त्यांनी चंची सोडली, त्यातून एक सुपारी काढली आणि आप्पारावांच्या हातावर अशी ठेवली की सगळ्या गावाला दिसावी.

"हे घ्या! आन् दसऱ्याला तमाशाच करा. पुन्हा देवाधर्माच्या वाटंला जाल तर पाय मोडीन!"

गाव खदखदलं. सटवानं ढोलकीवर थाप मारली. आता तो कुठं जाणार नव्हता हे त्या थापेतच कळलं.

धोंडीराम हाड तोंडात धरून हे सगळं बघत होता. हाड काढायला त्याला थोडा वेळ लागला.

"म्हंजी तू येत न्हाईस."

"सुपारी लागली की. तूच म्हनलतास."

"आन् माझं बोकड?"

"ते तू फडाला घातलंस. लई चांगलं केलंस दादा, समदे नाव काढत्यात."

धोंडीरामनं इकडं तिकडं बघितलं. "कातडं तरी दे."

"सटवानं नेलं. ढोलकीला लागतंय."

मला त्याची दया आली. खोटं का बोलू, हसूही आलं. शेवटी त्यानं ताट पुढं सरकवलं.

"मग रस्सा तरी वाढ."

बायनाबाईनं वाढला. पण पळीभरच. दसऱ्याला अजून महिना होता.